विहिणीचा चमचा

पौषातलं आभाळ कसं असावं? निळं, निरभ्र, निष्कलंक. उन्हाची धार कोवळी, वाऱ्याची धार कोरडी. कौठ्याच्या माळावर दरसाल ते तसंच असे. त्या साली मात्र नाताळ सरला, नवं वर्ष लागलं, आणि पश्चिमेकडून मळभ चढलं. धूसर, धूम्रवर्ण, जडशीळ. ते बरसेना आणि हलेना. मिशनच्या आवारातल्या कडुनिंबांवर, चर्चच्या दगडी मनोऱ्यावर, कौलारू घरांच्या ओळीवर ते ओल्या गोधडीसारखं पडून राहिलं. माणसं वर बघत आणि म्हणत, हे काही खरं नाही.

एस्तेरबाई वाघचौरे तर त्या मळभाला उठल्यापासून शिव्या घालत होत्या. उद्या धाकट्या लेकीचं, शलोमीचं, लग्न होतं. मधल्या खोलीत मेजावर तिचा तीन मजली केक उभा होता. आणि त्या केकवरचं आयसिंग काही केल्या वाळत नव्हतं.

आता आयसिंग ते काय, त्याचं एवढं काय, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. ज्यानं कौठ्याचं आयसिंग पाहिलं नाही त्यानं या बाबतीत तोंड उघडू नये. लोण्याचं ते लिबलिबीत बेकरीतलं प्रकरण नव्हे हे. अंड्यातला पांढरा बलक, मलमलीतून चाळलेली पिठीसाखर, लिंबाचे थेंब, आणि बाईचं मनगट. बस्स. फेटायचं, फेटायचं, फेटत राहायचं. फेस फेनधवल होईतो, फेनधवलाचं घन होईतो, पळी उचलली की टोक ताठ उभं राहीतो. मग ते केकवर थापायचं आणि कोरड्या हवेच्या हवाली करायचं. सकाळी त्यावर नख वाजवावं, तर चिनी मातीच्या बशीसारखं वाजावं.

शंखशुभ्र, शिलाकठीण, निःशब्द. आत काय आहे याचा मागमूस लागू न देणारं.

आणि ते वाजायलाच हवं, कारण आवारातला रिवाज तसा होता. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी वरमाय चांदीचा चमचा घेऊन नवरीच्या घरी येई. केकच्या वरच्या मजल्यावर चमचा वाजवी. टणकन नाद निघाला की म्हणे, "पक्कं." त्या एका शब्दावर लग्न पक्कं. आणि नाही निघाला तर? तर काय, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तसं कधी झालंच नव्हतं.

दुसरा रिवाज त्याहून जुना. तो वरचा मजला लग्नात कापायचा नाही. पत्र्याच्या डब्यात घालून नवरीच्या माहेरी आढ्याला टांगायचा, आणि पहिल्या लेकराच्या बाप्तिस्म्याला उतरवायचा. तोवर डबा उघडायचा नाही. उघडला तर पाळणा हलत नाही, असं म्हाताऱ्या सांगत. ख्रिस्ती झालो म्हणून काय झालं, म्हाताऱ्या त्या म्हाताऱ्याच.

वाघचौरेंच्या आढ्याला असा एक डबा टांगलेला होता. थोरल्या सुवार्ताचा.

सुवार्ता उजागऱ्यांच्या घरी, थोरल्या रतनला दिली होती, पुण्याला. मोठं घर, मोठं नाव, अंगणात मोटार. आता शलोमी त्याच घरी चालली होती, सुवार्ताच्या धाकट्या दिराला, सुमंतला. दोघी बहिणी एका छताखाली! आवारातल्या बायका कानशिलांवर बोटं मोडून म्हणत, "एस्तेर, पोरींनी नशीब काढलं गं तुझं." शलोमी स्वतः तर हरखून गेली होती. ताई आहे तिथे मला कसली भीती, असं ती ज्याला त्याला सांगे. हळदीचं तोंड घेऊन घरभर नाचत होती कार्टी.

सुवार्ता आठवडाभर आधी आली होती.

ही तीच सुवार्ता, जी लहानपणी आयसिंगच्या पातेल्यावरचं ओलं फडकं उचलून बोट बुडवायची. आईच्या पळीचा फटका खायची. बोट चोखत खिदळायची आणि फटक्याची लाली उतरायच्या आत पुन्हा बुडवायची. तिचं हसणं असं, की मनोऱ्यावरचे पारवे उडावेत. पाद्रीसाहेब प्रवचन थांबवून म्हणत, वाघचौऱ्यांची घंटा वाजली.

आता ती हळू चाले, हळू बोले, हळू हसे. आणि विचारी.

"आई, मी बसू का?"

"आई, दिवा लावू का?"

"आई, भाजीत मीठ कमी आहे, वरून घेऊ का?"

पहिल्या दिवशी एस्तेरबाईंना कौतुक वाटलं. मोठ्या घरचं वळण, दुसरं काय! शेजारच्या हन्नाबाईंना त्यांनी ते मुद्दाम बोलावून दाखवलंही. दुसऱ्या दिवशी कौतुक ओसरलं. मग स्वयंपाकघरात एक ताटली निसटून पडली, मांजरामुळे पडली, आणि सुवार्ता झटकन भिंतीला टेकली. "मी नाही पाडली," ती म्हणाली. कुणी काही विचारलं नव्हतं.

तेव्हापासून एस्तेरबाई लेकीकडे चोरून बघत होत्या. विचारावं तर कसं? दिल्या घरची गोष्ट. लेक सुखी आहे म्हणते, तर सुखी आहे. नको ते उकरून काढू नये, झाकली मूठ सव्वा लाखाची. त्या आपल्या फेटत राहिल्या, आणि आभाळ आपलं दाटत राहिलं.

दुपार कलली तरी केक ओलाच. बोट लावावं तर बोटाला चिकटत होता. वरच्या मजल्यावर घामासारखे बारीक थेंब जमले. साखरेची नाजूक जाळी ओघळू लागली, कळ्यांची तोंडं वाकडी झाली, आणि ते पांढरं, पाणावलेलं, पाझरणारं रूप बघून एस्तेरबाईंच्या काळजाचं पाणी झालं. इतकी लग्नं केली या हातांनी, आणि पोटच्या पोरीच्या लग्नात हात दगा देतात? हा कसला अपशकुन, देवा?

तेवढ्यात हन्नाबाई आल्या. केक बघून त्यांनी कपाळाला हात लावला, आणि मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "अगं, विहीण वाजवणार कुठे? वरच्याच मजल्यावर ना?"

"मग?"

"मग सुवार्ताचा काढ की. तो तर दगड झाला असेल आत्तापर्यंत. ठेव वर, वाजवू दे तिला, आणि रात्री पुन्हा डब्यात."

"हन्ना, तो डबा उघडायचा नसतो."

"साखर तुझी, मनगट तुझं. कोण विचारतंय? आभाळानं अब्रू घालवायची, त्यापेक्षा हे बरं." एवढं बोलून हन्नाबाई चहाचं आधण बघायला निघूनही गेल्या. सल्ला देणाऱ्याचं काय जातं!

एस्तेरबाई स्टुलावर चढल्या. आढ्याच्या सावलीत, कोळिष्टकांच्या झालरीत, धुळीच्या शालीत तो डबा निश्चल लटकत होता. त्यांनी दोरी सोडली. डबा हातात आला.

डबा हलका होता.

टांगताना दोन्ही हात लागले होते. बदाम, मनुका, चेरी यांनी ठासून भरलेला केक होता तो. तो वाळेल, पण वजन जाईल कुठे? खाली उतरून त्यांनी झाकण काढलं. आणि क्षणभर जीव भांड्यात पडला. तस्सा! जसा ठेवला तसा! किंचित पिवळसर, हस्तिदंती, पण अखंड, अभंग, अकलंक. कडेची जाळी जागच्या जागी. मधोमध साखरेच्या मोगऱ्याच्या कळ्या, एकही निखळली नव्हती. आपल्याच हाताचं त्यांना कौतुक वाटलं.

मग त्यांनी त्यावर नख वाजवलं.

नाद आला, पण बशीचा नाही. रिकाम्या रांजणात खडा पडावा तसा. खोल, पोकळ, घुमणारा. एस्तेरबाईंनी दोन्ही हातांनी तो उचलून उलटा केला. खाली आंब्याच्या लाकडाची फळी होती, आणि फळीला बारीक बारीक भोकं होती. फळी हलवली तशी ती निघूनच आली. मेजावर तपकिरी भुसा भुरभुरला.

आत काही नव्हतं.

केक नव्हता. मनुका नव्हता. बदामाच्या थराचा कण नव्हता. कीड खालून शिरली होती, जिथे आयसिंग कुणी लावत नाही, कारण तळ कुणी बघत नाही. शिरली आणि खात गेली. सावकाश, शांतपणे, अंधारात, पहिल्या दिवसापासून. पांढऱ्या भिंतींना तिनं धक्का लावला नाही. भिंती उभ्या, छप्पर उभं, कळ्या उभ्या. आणि हे सगळं त्यांच्या डोक्यावर, त्यांच्याच घरात, आढ्याला टांगलेलं होतं. उघडून बघायचं नाही असा रिवाज होता, म्हणून त्यांनी बघितलं नव्हतं.

"आई, मी आत येऊ का?"

दारात सुवार्ता उभी होती. उंबऱ्याच्या पलीकडे, पाऊल न टाकता. जिथे ती रांगली, जिथे पहिला दात आला, त्या खोलीत यायला ती परवानगी मागत होती.

एस्तेरबाईंनी ते पांढरं कवच छातीशी धरलं. त्यांना ओरडावंसं वाटलं, रडावंसं वाटलं. त्या काहीच बोलल्या नाहीत, तर सुवार्ता तशीच उभी राहिली. उत्तर मिळेपर्यंत ती उभीच राहणार होती.

"ये बाळा," त्या शेवटी म्हणाल्या. "इकडे ये. हे बघ."

सुवार्तानं वाकून आत बघितलं. कितीतरी वेळ बघितलं. मग तिनं वरच्या एका कळीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "बाहेरून किती छान राहिलाय ना, आई."

"तुला तिथे काय करतात गं?"

"कुणी काही नाही करत." तिचा आवाज सपाट होता, पाण्यासारखा. "कुणी मारत नाही. ओरडत नाही. विचारल्याशिवाय काही करायचं नाही, एवढंच. खिडकी उघडायची तर विचारायचं. भूक लागली तर विचारायचं. सासूबाई कधी हो म्हणतात, कधी नुसत्या बघतात. बघितलं की आपण उभं राहायचं, त्या पुन्हा बोलेपर्यंत."

"आणि रतन?"

"ते म्हणतात, आईला विचार."

"किती वेळ उभं राहतेस?"

सुवार्ता हसली. तिचं ते नवं, हळू हसणं. "आता पाय दुखत नाहीत." मग आईचा चेहरा बघून ती घाबरली, समजूत घालायला लागली. "तू काळजी नको करू. शलोमी आधी रडेल थोडी. मग होईल तिला सवय. मला झाली ना."

बाहेर कडुनिंबाचं एक पान हललं नाही. मळभ खिडकीशी येऊन ठेपलं होतं.

मागे काहीतरी वाजलं. शलोमी आतल्या खोलीच्या दारात होती. हळदीनं माखलेली, हिरव्या चुड्यानं भरलेली, आणि तोंडावरचं रक्त उतरलेली. तिनं सगळं ऐकलं होतं. ती पुढे आली आणि ताईच्या गळ्यात पडली नाही, की रडली नाही. तिनं आईच्या हातातलं ते रिकामं, हस्तिदंती कवच घेतलं, ओल्या केकवरचा वरचा मजला उचलून बाजूला ठेवला, आणि कवच त्याच्या जागी अलगद मांडलं.

"वाजवू दे त्यांना," शलोमी म्हणाली.

संध्याकाळ झाली की नाही, कळलंच नाही. करडं होतं ते काळपट झालं, इतकंच. आवाराच्या फाटकातून मोटार आली. सुवार्तानं नुसता तिचा आवाज ऐकला, आणि पदर सावरून ती भिंतीशी ताठ उभी राहिली.

मार्थाबाई उजागरे उतरल्या. उंच, गोऱ्या, रेशमी. आवाज साईसारखा मऊ. त्या कधी ओरडत नसत. त्यांना ओरडायची गरजच पडत नसे. मागून रतन आला आणि ओसरीवरच थांबला.

"सलाम, एस्तेरबाई. काय हे आभाळ! माझ्या मनात आलं, आयसिंगचं काय झालं असेल." त्यांनी सुवार्ताकडे न बघता हात पुढे केला. सुवार्तानं त्या हातात पाण्याचा पेला ठेवला. एक घोट घेऊन त्यांनी पेला परत दिला आणि मखमली पेटीतून चांदीचा चमचा काढला. हन्नाबाई दारातून मान लांब करून बघत होत्या, सगळं आपल्या सल्ल्यानं चाललंय या समाधानात.

टण.

खालच्या ओल्या मजल्यानं नाद थोडा गिळला, थोडा घुमवला. मार्थाबाईंच्या भुवया वर गेल्या. "वा! अशा हवेत? हात आहे हो तुमचा." त्यांचे ओठ विलग झाले. आता तो शब्द येणार, पक्कं. एक शब्द, आणि मग उद्याची सकाळ, पुण्याची वाट, बंद खिडक्यांचं ते मोठं घर.

"अजून एकदा वाजवा, विहीणबाई," एस्तेरबाई म्हणाल्या. "जरा जोरानं."

मार्थाबाई हसल्या. त्यांनी जोरानं वाजवलं.

चमचा आत गेला. शुभ्र छप्पर कचकन दुभंगलं, भिंती आत कोसळल्या, मोगऱ्याच्या कळ्या काळोख्या पोकळीत पडल्या, आणि उरलासुरला तपकिरी भुसा उडून विहिणीच्या रेशमी बाहीवर बसला.

"हे काय आहे?"

"सुवार्ताचा केक." एस्तेरबाईंचा आवाज कापला नाही. "वरून अगदी जसाच्या तसा होता. आत काही उरलं नव्हतं. मी उघडून बघायला उशीर केला, विहीणबाई. शलोमीच्या बाबतीत नाही करणार. उद्या लग्न होणार नाही."

हन्नाबाईंचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

मार्थाबाईंनी रुमाल काढला. चमचा पुसला, शांतपणे, दोन्ही बाजूंनी. पेटीत ठेवला. पेटी मिटली. बाहीवरचा भुसा झटकला. "आभाळ आलं की काही माणसांची डोकी फिरतात," त्या मऊ आवाजात म्हणाल्या. "उद्या ऊन पडेल, तेव्हा बोलू. तुमची धाकटी तुम्ही ठेवा. थोरली आमची आहे." आणि मग मान न वळवता, "सुवार्ता. चप्पल घाल."

सुवार्ता हलली.

भिंतीपासून सुटली आणि दाराकडे निघाली. कुणी चावी दिल्यासारखी. शलोमीनं हुंदका दाबला. एस्तेरबाईंच्या जिभेवर शब्द आला, थांब! त्यांनी तो दातांखाली धरला. थांब म्हटलं असतं तर ती थांबली असती, नक्की थांबली असती. पण तोही हुकूमच झाला असता, आणि हुकूम पाळून पाळूनच तर पोर अशी झाली होती. त्या गप्प राहिल्या. आयुष्यात इतकं अवघड काम त्यांनी दुसरं केलं नव्हतं.

मेजाच्या कोपऱ्याशी सुवार्ताचं पाऊल मंदावलं. तिथे पितळेचं पातेलं होतं, उरलेल्या आयसिंगचं, ओल्या फडक्याखाली झाकलेलं.

"सुवार्ता," मार्थाबाई म्हणाल्या. आणि नुसत्या बघू लागल्या.

सुवार्ता उभी राहिली. सवयीनं, ताठ, हात बाजूला, नजर खाली. सगळं घर तिच्याबरोबर उभं राहिलं. ओसरीवर रतननं घड्याळाकडे बघितलं.

मग तिचा हात उचलला गेला. कुणाला न विचारता. तिनं फडक्याचं टोक धरलं, फडकं बाजूला सारलं, आणि मऊ, पांढऱ्या, थंडगार आयसिंगमध्ये बोट बुडवलं. दुसऱ्या पेरापर्यंत. बोट वर आलं तेव्हा त्यावर एक शुभ्र शिखर ताठ उभं होतं. तिनं ते तोंडात घातलं आणि डोळे मिटले.

एस्तेरबाईंच्या हातानं सवयीनं पातेल्याशेजारची पळी उचलली होती. ती त्यांनी हळूच खाली ठेवली.

बाहेर मोटारीचा कर्णा वाजला, पुन्हा वाजला, पुन्हा वाजला. मळभ कौलांवर टेकलं होतं, ओल दारातून आत येत होती. कुणी जागचं हललं नाही. सुवार्तानं पुन्हा बोट बुडवलं, पुन्हा चाटलं. आणि पातेल्यातलं ते धवल, सजल, न वाळलेलं आयसिंग तिच्या बोटाच्या खळीभोवती हळूहळू मिटत राहिलं, हळूहळू, हळूहळू मिटत राहिलं.